एडिटिंगचा पीसी जोडताना: आधी फुटेज बघा, मग पार्ट निवडा

दुकानात जाऊन "एडिटिंगसाठी पीसी पाहिजे" एवढंच सांगितलं की बहुतेक वेळा समोर येतो तो गेमिंगचा पीसी. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिवे, मोठं ग्राफिक्स कार्ड, आणि कार्डासाठी पैसे उरावेत म्हणून नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर. गेम खेळणाऱ्याला हा पीसी उत्तम. पण लग्नाचं मिक्सिंग किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या मॅचचे हायलाइट करणाऱ्याला तोच 'एफ' महागात पडू शकतो. का, ते पुढे येईलच. घरी बसून एडिटिंग सुरू करणाऱ्या, पहिलाच पीसी जोडून घेणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. भाव रोज बदलतात, म्हणून किमती दिलेल्या नाहीत. निवड कशी करायची तेवढं सांगतो.

पहिली पायरी: तुमचं फुटेज काय आहे?

प्रोसेसर, कार्ड, रॅम हे सगळे प्रश्न नंतरचे. आधी तुमच्या कॅमेऱ्यातली एक क्लिप घ्या, मित्राच्या कॉम्प्युटरवर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यात ती उघडा. तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) कोणता: तिथे एव्हीसी दिसलं तर एच.२६४ आणि एचईव्हीसी दिसलं तर एच.२६५. बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक) किती: ८ की १०. आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती राखली): ४:२:० की ४:२:२.

हे तीन आकडे इतके महत्त्वाचे का, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी खरेदी यावर उभी आहे. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच लिहितो. म्हणून तासाभराचं ४के शूटिंग एका कार्डात मावतं. पण टाइमलाइनवर तुम्ही मधेच कुठेतरी क्लिक केलंत, की कॉम्प्युटरला मागच्या-पुढच्या फ्रेमवरून ती फ्रेम पुन्हा तयार करावी लागते. या कामासाठी प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात वेगळं सर्किट असतं, त्याला हार्डवेअर डिकोडर म्हणतात. तुमच्या फुटेजचा प्रकार त्याला येत असेल, तर साधा पीसीसुद्धा सुरळीत चालतो. येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो, आणि महागडा पीसीही अडखळतो.

८-बिट ४:२:० हे जवळजवळ सगळ्या आधुनिक डिकोडरना येतं. सोनीचे ए६४००, ए७ थ्री, पहिला झेडव्ही-ई१० हे कॅमेरे अशीच फाइल देतात. यांच्यावर काम असेल तर तुमची निवड सोपी आहे. अडचण येते ती १०-बिट ४:२:२ ला. ए७ फोर, एफएक्स३०, कॅननचा आर६ अशा कॅमेऱ्यांवर लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर सुधारता यावेत अशा फिक्या प्रोफाइलमध्ये, शूट करणारे हल्ली खूप आहेत. रंग सुधारायला ते फुटेज फारच चांगलं, पण प्रत्येक डिकोडरला ते झेपत नाही.

मोबाइलच्या फुटेजचा प्रश्न निराळा. त्यात फ्रेम रेट सारखा कमी-जास्त होत राहतो, आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे सरकतो. पीसी कितीही दमदार असला तरी याला इलाज नाही. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर फाइल काढून घ्या आणि मग एडिटिंगला लागा.

दुसरी पायरी: प्रोसेसर

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जे अंगचं ग्राफिक्स असतं, त्याला १०-बिट ४:२:२ चं एच.२६५ हार्डवेअरवर उलगडता येतं. या सोयीचं नाव क्विक सिंक. आता 'एफ'चा मुद्दा: नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये हे ग्राफिक्स बंद केलेलं असतं. थोडे पैसे वाचतात आणि एडिटरच्या नेमक्या कामाची गोष्ट जाते. कोटेशनमध्ये १४४००एफ लिहून आलं असेल, तर तो एफ खोडून घ्या.

आणखी एक बारकावा. १४४०० मध्ये व्हिडिओचं इंजिन एक आहे, १४५०० मध्ये दोन. एका वेळी दोन-तीन कॅमेऱ्यांचं फुटेज टाइमलाइनवर लावून मल्टिकॅम कट करणाऱ्याने १४५०० कडे वळावं. फरकाची रक्कम दिव्यांच्या पंख्यांतून वाचवता येते.

एएमडीचे रायझन प्रोसेसर चांगले आहेत, कमी तापतात, आणि ८-बिट काम करणाऱ्याने ते खुशाल घ्यावेत. पण त्यांच्या अंगच्या ग्राफिक्सला ४:२:२ येत नाही. रायझन घेऊन असं फुटेज चालवायचं असेल, तर ते काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्यावं लागेल, आणि तसं कार्ड निवडावं लागेल.

सोनीवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवा: १०-बिट ४:२:२ हे एक्सएव्हीसी एस मध्ये शूट केलं तर फाइल एच.२६४ ची होते, आणि ती या इंटेल प्रोसेसरच्या क्विक सिंकला उलगडत नाही. एक्सएव्हीसी एचएस निवडलं तर एच.२६५ होते आणि ती उलगडते. नवा पीसी घेण्याआधी कॅमेऱ्याच्या मेनूत एवढं बदलून बघा.

इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी घेणार असाल, तर एक काम न विसरता करा. या पिढ्यांतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे अस्थिर होत असल्याचं उघड झालं. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचे उपाय दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते उपाय मदरबोर्डच्या बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधून, येतात. म्हणून पीसी जोडल्यावर, विंडोज टाकण्याआधीच, बायोस ताजा करून घ्या. दुकानदार जोडून देत असेल तर त्याच्याकडून समोर करून घ्या. वापरलेला १३९०० किंवा १४९०० स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

जुन्या बाजारात ऑफिसमधून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे पीसी भरपूर आलेत. त्यामागचं एक कारण असं, की विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर मान्य करतं. हिशेब, टायपिंग, अभ्यास याला ते ठीक. एडिटिंगसाठी त्यात पैसे घालू नका.

तिसरी पायरी: ग्राफिक्स कार्ड

इथे आधी सॉफ्टवेअर ठरवा. प्रीमिअर प्रो वापरणार असाल, तर प्रोसेसरवर थोडा जास्त खर्च करा आणि कार्ड मध्यम घ्या. दा विंची रिझॉल्व्ह वापरणार असाल, तर उलट: त्याचं रंगकाम, नॉइज रिडक्शन, फ्यूजन (इफेक्टचा विभाग) हे सगळं कार्डावर चालतं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत, ६० फ्रेमपर्यंत फाइल काढून देते. घरी शिकणाऱ्याला यापेक्षा मोठं दान मिळायचं नाही. मात्र विंडोजवर मोफत आवृत्तीत १०-बिट फुटेजला मर्यादा आहेत. स्वतःची एक क्लिप आधी त्यात टाकून बघा आणि मगच सॉफ्टवेअर पक्कं करा.

कार्ड बघताना एडिटरने पहिल्यांदा व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बघायची. ४के साठी ८ जीबी ही खालची पायरी समजा. रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन आणि थर चढवून काम करणाऱ्याला १२ किंवा १६ जीबी लागते. व्हीरॅम संपली की रिझॉल्व्ह हळू चालत नाही, सरळ मेमरी संपल्याचा निरोप देऊन थांबतं. म्हणून गेमच्या तक्त्यात मागे पडलेलं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० एडिटरच्या टेबलावर अजूनही कामाला येतं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत आणखी एक मोठी सोय आली: एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्हींचं ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतं. रायझन वापरणाऱ्यांना आणि एक्सएव्हीसी एस चं फुटेज आधीच साठलेल्यांना हीच वाट. ५०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन्ही जीबीत येतं. बिलावर कोणतं लिहिलंय ते वाचून घ्या.

बजेट फारच कमी असेल आणि काम प्रीमिअरमध्ये, साधं, कटिंग आणि गाणं लावण्यापुरतं असेल, तर इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर सुरुवात करा आणि कार्ड एक-दोन ऑर्डरींच्या पैशांतून नंतर घाला. मात्र पॉवर सप्लाय पहिल्या दिवशीच त्या कार्डाचा विचार करून घ्या.

चौथी पायरी: रॅम आणि मदरबोर्ड

४के साठी ३२ जीबी. ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्या. दोन पट्ट्या असल्या की दोन्ही वाटांनी डेटा जातो. नंतर वाढवायची असेल तर पुढे सारख्याच पट्ट्या मिळतील याचा भरवसा नाही, आणि डीडीआर५ च्या चार पट्ट्या भरल्या की वेग बहुधा खाली येतो. ६४ लागेल असं आजच वाटत असेल, तर आजच ३२-३२ घ्या.

डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. इंटेलच्या १२ ते १४ पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे बोर्ड यांतली कोणती रॅम घेतो ते तपासा. बोर्डावर एम.२ च्या (एसएसडी बसवायच्या) किमान दोन खाचा हव्यात. प्रोसेसरजवळच्या भागावर धातूचे हीटसिंक हवेत, कारण रेंडर लावलं की तो भाग तास-तासभर तापलेला राहतो. बाकी मदरबोर्डवर जास्त पैसे घालू नका.

पाचवी पायरी: डिस्क, आणि महापूर

आधी हिशेब. १०० एमबीपीएसने शूट केलेलं ४के तासाला साधारण ४५ जीबी जागा खातं. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले, की ४५० जीबी एका ऑर्डरीचे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त लागोपाठ येतात. एका महिन्यात किती होईल ते तुम्हीच मांडून बघा.

त्यासाठी तीन डिस्क. विंडोज आणि सॉफ्टवेअरला ५०० जीबीची एनव्हीएमई (एम.२ खाचेत बसणारी वेगवान एसएसडी). चालू कामाला १ किंवा २ टीबीची दुसरी एनव्हीएमई. संपलेल्या कामाला ४ टीबी किंवा मोठी हार्ड डिस्क. चालू काम हार्ड डिस्कवर करू नका: ती सेकंदाला १५० ते २५० एमबी देते, तेही सलग वाचताना; तीन कॅमेऱ्यांच्या फाइलींत उड्या मारायला लागलात की दम टाकते. साटा एसएसडी साधारण ५५० एमबीपर्यंत जाते आणि तीसुद्धा पुरते. त्यामुळे चौथ्या-पाचव्या पिढीच्या एनव्हीएमईचे मोठाले आकडे बघून भुलू नका. त्यापेक्षा डिस्क टीएलसी प्रकारची आहे का ते विचारा. स्वस्त क्यूएलसी डिस्क सुरुवातीचे काही जीबी झरझर घेते आणि नंतर, ३०० जीबी कॉपी करताना मध्यातच, वेग पार खाली आणते.

आता बॅकअप. पार्टीचं लग्न पुन्हा होत नाही, त्यामुळे रॉ डेटा एकाच डिस्कवर ठेवायचा नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जगभरचा रिवाज आहे. कोल्हापुरात त्यातलं 'घराबाहेर' फार गांभीर्याने घ्या. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, शुक्रवार पेठ, दुधाळी, नागाळा पार्क या भागांत घराघरांत शिरलं. बॅकअपची डिस्क पीसीच्याच टेबलाखाली असेल, तर दोन्ही एकदम जातात. एक पोर्टेबल डिस्क उंचावरच्या भागातल्या पाहुण्यांकडे ठेवा आणि दर महिन्याला बदला. तळमजल्यावर राहत असाल तर पीसी आणि यूपीएस दोन्ही जमिनीवर ठेवू नका. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, तेव्हा डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा.

सहावी पायरी: वीज

यावर कुणी पैसे घालायला तयार नसतं, आणि बंद पडलेल्या पीसींच्या गोष्टी इथूनच सुरू होतात. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेऊ नका. १४५०० प्रोसेसर जोरात असताना १५४ वॉटपर्यंत घेतो, ५०६० टीआय १८० वॉट; पंखे, डिस्क, बोर्ड धरून ४०० च्या आसपास. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड, पाच वर्षं वॉरंटीचा पुरतो. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. टिकाऊपणा बघायला वॉरंटीची वर्षं बघा.

यूपीएस घेताना व्हीए नको, वॉट वाचा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. रेंडर चालू असताना वीज गेली की तो भार पेलत नाही आणि पीसी त्याच क्षणी बंद. १००० ते ११०० व्हीएचा, ६०० वॉटच्या आसपासचा घ्या. त्याचं काम काम चालू ठेवायचं नाही, पाच मिनिटांत प्रोजेक्ट सेव्ह करून पीसी नीट बंद करू द्यायचं आहे.

आणि अर्थिंग. पेठांतल्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण आत अर्थची वायर जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल, तर पीसी वापरणं थांबवा आणि आधी हे करा.

कॅबिनेट, कूलर

पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, पुढे दोन पंखे, मागे एक. पुढे काच असलेलं नको. जाळीला निघणारा, धुता येणारा फिल्टर हवा. हे धुळीसाठी आहेच, पण आपल्याकडे गुलालासाठीही आहे. जोतिबाची चैत्र यात्रा किंवा गणपतीची मिरवणूक शूट करून आलात, की कॅमेऱ्याची बॅग आणि अंगावरचे कपडे पीसीच्या खोलीत नेऊ नका. बॅग बाहेर ब्रशने झाडा, मग कार्ड काढा. गुलाल पंख्यात गेला की कूलरच्या पत्र्यांत बसतो आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही.

प्रोसेसरसोबत आलेला कूलर चालतो, पण लांब रेंडरला आवाज करतो. चार पाइपांचा साधा टॉवर कूलर त्यापेक्षा बराच शांत. पाण्याच्या कूलरची या दर्जाच्या पीसीला गरज नाही.

मॉनिटर

आयपीएस पॅनेल, एसआरजीबी १०० टक्क्यांच्या जवळ, २७ इंच आणि १४४०पी. रंगाचं तापमान ६५०० केल्व्हिनवर ठेवा आणि मॉनिटरचे 'व्हिविड', 'गेम' असले मोड बंद करा. नाहीतर नवरीचा हिरवा शालू तुमच्याकडे एक आणि पार्टीच्या टीव्हीवर भलताच दिसेल. १४४ हर्ट्झचे जादा पैसे एडिटरने रंगांवर घालावेत.

खरेदी

तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून. "१६ जीबी रॅम, ५०० एसएसडी" एवढ्यावर भागवू नका. कंपनी, प्रकार, वेग सगळं हवं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून मागा, कारण वॉरंटी त्यावरच चालते. पुण्यात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला थोडं स्वस्त मिळेल. पण कार्ड बिघडलं तर ते घेऊन तिथे कोण जाणार, हा प्रश्न आधी सोडवा. प्रोसेसर आणि रॅम बाहेरून आणायला हरकत नाही. एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मी गावातल्याच दुकानातून घ्या म्हणेन, आणि वॉरंटीचा माल कंपनीकडे तेच पाठवणार का हे आधीच विचारून घ्या.

जोडणी

बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला; तेव्हा पीसी जोडायला घाबरू नका. तरी पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी बसवा. कॅबिनेटमधले पितळी उंचवटे बोर्डाच्या भोकांशी जुळलेत का बघा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण खाचेशी जुळवा आणि जोर लावू नका. रॅम दोन पट्ट्यांची असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची आठ पिनची वायर वेगळी असते, ती राहते आणि पीसी सुरूच होत नाही. कार्ड लावलं असेल तर मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला.

बायोस ताजा केल्यावर त्यात दोन गोष्टी करा. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर रॅम तिच्या मूळ कमी वेगावरच धावते. आणि कार्ड लावल्यावर काही बोर्ड प्रोसेसरचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते पुन्हा चालू करा. बोर्डागणिक नाव बदलतं, बहुधा 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' असं असतं. हे राहिलं, तर ज्या क्विक सिंकसाठी एवढी निवड केली ते झोपूनच राहील.

तपासणी

पहिल्या आठवड्यात ऑर्डरीचं काम करू नका. मेमटेस्ट८६ ने रात्रभर रॅम तपासा. मग स्वतःचं तासाभराचं फुटेज टाइमलाइनवर लावा, रंग चढवा आणि रेंडर लावा. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडून प्रोसेसरचं तापमान बघत राहा. ते ९० च्या वर टिकून राहत असेल तर कूलर नीट बसलेला नाही. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख बघा. टाइमलाइन चालवताना तो हलला पाहिजे. सपाट राहिला, तर बायोसमधली सेटिंग आणि सॉफ्टवेअरमधला हार्डवेअर डिकोडिंगचा पर्याय, दोन्ही पुन्हा बघा. एवढं करूनही फुटेज अडखळत असेल, तर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवा आणि त्यावर कटिंग करा. मोठ्या स्टुडिओतही हेच करतात.

प्रीमिअरवाल्यांनी त्याच दिवशी प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावर जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करून ठेवावं. नाहीतर टायटलमध्ये 'चि. सौ. कां.'तली वेलांटी जागा सोडेल आणि पुढे 'श्रद्धा'तली जोडाक्षरं फुटलेली दिसतील, आणि ते पार्टीला सगळ्यात आधी दिसतं.